शिंगाड्यांचा पिवळा दिवा

ईशान आणि मुक्ता,

गेल्या रविवारी तुमची आई फोनवर म्हणाली की तुमच्या गाडीत टायरचा पिवळा दिवा सारखा लागतोय, थंडीमुळे असेल, आम्ही लक्षच देत नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ एकटीच हसत बसले. आमच्या कॉलनीत एक गृहस्थ राहायचे. अगदी तसाच दिवा त्यांच्या गाडीत लागला, आणि त्यापायी त्यांची थोरली बहीण तिकडे सोयगावात दर रविवारी नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसून राहिली. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, आणि तुमचे आजोबा ही गोष्ट सांगताना स्वतःचा भाग गाळतात, म्हणून मीच लिहून ठेवते.

त्यांचं नाव सुखदेव शिंगाडे. वाळूजच्या एका कारखान्यात ते माल तपासायच्या खात्यात होते. नोकरीभर बजाजनगरला राहिले आणि निवृत्त झाल्यावर सिडकोत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. उंच, वाळकुडे, इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी टायरची हवा मोजायचं गेज. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे मी त्यांची ‘मॅडम’. तुमचे आजोबा मात्र ‘साहेब’ नव्हते, नुसते ‘तुमचे मिस्टर’.

ओळख करून घ्यायला आले त्या दिवशी त्यांनी आधी आमच्याकडे नाही, आमच्या सोफ्याकडे पाहिलं. मग आजोबांना विचारलं, “तुम्ही कायम या कोपऱ्यात बसता ना?” आजोबा म्हणाले, हो, का? शिंगाड्यांनी वाकून सोफ्याच्या दोन्ही टोकांवर तळहात दाबून पाहिला, डॉक्टर पोट दाबतात तसा, आणि मान हलवली.

“झीज सारखी पायजे, मॅडम. एकाच जागी भार पडला की वस्तू जाते.”

हे त्यांचं आयुष्याचं सार होतं. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू एक घर पुढे सरकायची. गाद्या उलटायच्या, उशा बदलायच्या, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या फिरायच्या. धुतलेली ताटं ढिगाच्या वर नाही, तळाशी जायची, कारण नाहीतर वरची दोनच ताटं जन्मभर राबतात आणि खालची नुसती बसून खातात, हे त्यांचं म्हणणं. पलंगाची बाजूही महिन्याला बदलायची. मंदाताई, म्हणजे त्यांची बायको, एकदा पहाटे सवयीने जुन्या बाजूने उतरल्या आणि कपाटावर आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं. शिंगाड्यांनी हळद लावली आणि म्हणाले की पुढच्या महिन्यात कपाटही सरकवू.

चपलांनी मात्र त्यांना हरवलं होतं. त्यांची उजवी टाच बाहेरून झिजायची, आणि उजवी चप्पल डाव्या पायात घालता येत नाही याची खंत त्यांनी माझ्यापाशी एकापेक्षा जास्त वेळा बोलून दाखवली.

अशा माणसाला आम्ही सोसायटीचा सेक्रेटरी केलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी पार्किंग फिरवलं. कोपऱ्यातल्या जागेवर वर्षभर ऊन, मधल्या जागेवर वर्षभर सावली, हा अन्याय आहे, तेव्हा सगळ्यांनी दर महिन्याला एकेक जागा पुढे जायचं असं ठरलं. सभेला तुमचे आजोबा नव्हते. दुसऱ्या दिवशी खाली उतरले तर त्यांच्या स्कूटरच्या जागी दाताच्या डॉक्टरीणबाईंची गुलाबी गाडी. आजोबा वर आले, स्कूटर चोरीला गेली असं जाहीर केलं, कागदपत्रं घेतली आणि पोलीस चौकीकडे पायी निघाले. फाटकापाशी चपलेचा अंगठा निसटला. तो नीट करण्यासाठी त्यांनी ज्या स्कूटरवर हात टेकला ती त्यांचीच होती. तरी ते चौकीपर्यंत जाऊन आले.

शिंगाड्यांचं हे वेड कुठून आलं ते एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. एकाच रानात रोज कळप नेला तर गवत मुळापासून जातं, म्हणून आज हे रान, उद्या ते. राखणाऱ्यांचंही तसंच. एक दिवस थोरली मुलगी सोना, एक दिवस धाकटा सुखदेव. “वडलांनी पाळ्या लावल्या होत्या. पण माझी पाळी आली की आक्का मला म्हणायची, तू जा शाळंत, मी बघते. माझ्या समद्या पाळ्या तिनंच केल्या.” एवढं बोलून त्यांनी आमच्या पंख्याकडे पाहिलं आणि हा पंखा आतल्या खोलीतल्या पंख्याशी कधी बदलला होता, असं विचारलं.

त्यांनी गाडी घेतली ती निवृत्तीनंतर. जुनी होती, पण पाचही चाकं सारखी आणि रंग पांढरा. तिच्यात समोरच्या पडद्यावर प्रत्येक टायरची हवा आकड्यात दिसायची. टायरच्या आत एक लहानसा सेन्सर असतो, तो आतली हवा मोजून आकडा पुढे पाठवतो, आणि हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो. तुमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असेल. शिंगाड्यांना मात्र भरून आलं. “ही गाडी सोताच इन्स्पेक्टर हाय, मॅडम,” ते म्हणाले. आजन्म दुसऱ्यांचा माल तपासलेल्या माणसाला स्वतःला तपासणारी वस्तू मिळाली होती.

त्याच दिवशी त्यांनी जिन्यात उभं राहून, फोनचा आवाज मोठा करून, सोयगावला आक्कांना सांगितलं की रविवारी येतो, दारात उभा राहून हॉर्न वाजवतो, तू नुसतं बाहेर यायचं अन् म्होरं बसायचं. चार दिवस इकडं राहायचं. पलीकडून उत्तर आलं, “सारी गल्ली ऐकंल असा वाजीव.”

गाडी आल्यावर तिचे टायरही एक तारखेला फिरू लागले, हे वेगळं सांगायला नको. पहिली एक तारीख रविवारच्या आधीच आली. रविवारी शिंगाडे आणि मंदाताई निघाले, हर्सूलच्या नाक्यापर्यंत गेले, आणि परत आले. पिवळा दिवा लागला होता. डावा मागचा टायर, हवा कमी.

आता त्यांचा दुसरा नियम. कारखान्यात त्यांच्या खात्यात दिवा लागला की काम बंद. कारण सापडेपर्यंत एकही नग पुढे जायचा नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. हा नियम त्यांनी पूर्ण नोकरीत मोडला नव्हता, तो हर्सूलच्या नाक्यावर कसा मोडतील? त्यांनी पायपंप काढून डाव्या मागच्या टायरमध्ये हवा भरली. खिशातलं गेज म्हणालं, तेहतीस. अगदी बरोबर. पडदा म्हणाला, बावीस.

त्यांनी नवीन गेज आणलं. तेही तेहतीस म्हणालं. मग ते हमीदभाईंकडे गेले. हमीदभाईंचं पंक्चरचं दुकान आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच आहे. त्यांनी आपलं गेज लावलं, टायरला पाण्याचा हात फिरवला, आणि म्हणाले, “साब, हवा बराबर है. आपकी गाडी झूट बोल री.”

“गाडी खोटं बोलत नसते, हमीदभाई. माणूस बोलतो.”

“तो फिर टायर झूट बोल रा,” हमीदभाई म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. दर रविवारी सोनाआक्का तयार होऊन बसायच्या आणि शिंगाडे फोन करून सांगायचे की दिवा अजून पिवळाच आहे. पहिल्यांदा आक्का म्हणाल्या की असू दे बाबा, जीव महत्त्वाचा. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “तुझ्या गाडीला कावीळ झाली का काय? उतारा टाकू?” तिसऱ्यांदा त्या हसल्या नाहीत. गल्लीतल्या बाया येता-जाता विचारायला लागल्या होत्या, आक्का, आला का भाऊ? आक्कांनी सांगायचं तरी काय, की भाऊ यायला तयार आहे पण दिवा येऊ देत नाही? त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं. हे मंदाताईंनी मला सांगितलं, आणि सांगताना त्या चिडलेल्या होत्या, आक्कांवर नाही.

चिडून त्यांनी एक उपाय केला. सकाळी शिंगाडे आंघोळीला गेल्यावर खाली जाऊन त्यांनी पिवळ्या दिव्यावर आपल्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली चिकटवली. दिवा दिसेना. “घ्या, विझला. चला सोयगावला,” त्या म्हणाल्या. शिंगाड्यांनी टिकली नखाने काढली, बोटावर घेऊन त्यांच्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाले, “इन्स्पेक्टरच्या घरात?” दोन दिवस त्या घरात बोलणं नव्हतं.

मग कॉलनीने हात घातला. तुमच्या आजोबांचा उपाय तुम्हाला ठाऊकच आहे, ते तो टीव्हीपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांना करतात. त्यांनी गाडीच्या बॅटरीची वायर काढून परत लावायला लावली. दिवा गेला. आजोबांनी कॉलर नीट केली. गाडी फाटकाबाहेर गेली, चौकात वळली, आणि दिवा परत लागला. शिवाय आता गाडीतलं घड्याळही बारावर गेलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोनवरच सांगितलं की चारही सेन्सर बदलून टाका. शिंगाडे म्हणाले की कारण कळल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे ताप आला म्हणून माणूस बदलण्यासारखं आहे.

माझ्याकडे ते गाडीचं माहितीपुस्तक घेऊन आले. इंग्रजी होतं, जाडजूड, आणि जवळपास प्रत्येक पानाच्या शेवटी एकच सल्ला होता की अधिकृत विक्रेत्याकडे जा. मी मराठीत सांगत गेले. थंडीत हवा कमी दाखवू शकते. इथे वैशाख होता. पुढे गेले. “टायरच्या जागा बदलल्या असतील तर,” मी वाचायला लागले.

“ते तर सगळेच करतात,” शिंगाडे म्हणाले. “फुडं वाचा.”

मी पुढे वाचलं.

शेवटी त्यांनी हमीदभाईंना तो डावा मागचा टायर रिमवरून काढायला लावला. सेन्सर बाहेर काढून, पुसून, निरखून पाहायचा असा बेत होता. टायर निघाला. हमीदभाईंनी आत हात घातला, पूर्ण फेरी मारली, मग टॉर्च लावला.

“साब, इसमें तो कुछ बी नई है.”

सेन्सर नव्हताच. टायर परत बसवला, गाडी सुरू केली, तर पडदा ठामपणे सांगत होता की डाव्या मागच्या टायरात हवा कमी आहे. म्हणजे जो सेन्सर नाही, तोच रोज तक्रार करतो आहे. कॉलनीत यावर फार बोललं गेलं. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढलेली दाढही काही जणांना दुखते. आजोबांनी गाडीच्या आधीच्या मालकाचं काय झालं याची चौकशी करा असं सुचवलं.  त्या महिन्याची एक तारीख आली आणि गेली, आणि मंदाताई कावऱ्याबावऱ्या होऊन माझ्याकडे आल्या. घरात काहीही फिरलं नव्हतं. शिंगाडे त्याच खुर्चीत बसून होते, तेच ताट घेत होते. “ओरडले तर बरं वाटंल हो,” त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी फाटकापाशी रिक्षा थांबली. आतून एक काटक, काळीसावळी बाई उतरली. हिरवं लुगडं, खांद्यावर काळी घोंगडी, आणि पायाशी ज्वारी-शेंगांचं एक भलं मोठं पोतं. सोनाआक्का एसटीने आल्या होत्या.

शिंगाडे जिन्यातच थिजले. आक्का वर आल्याच नाहीत. गाडी कुठली ते त्यांनी वॉचमनला विचारलं, तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि खालूनच हाक दिली, “सुख्या, किल्ली आण.”

“आक्का, वर ये. चहा घे. दिवा अजून हाय.”

“ऱ्हाऊ दे की. नेत नाय तर नको नेऊ. बसते तरी.”

पुढचं दार उघडून त्यांनी सीटवर घोंगडी अंथरली. ती त्यांनी या गाडीसाठीच विकत घेऊन ठेवली होती. मग त्या ऐसपैस बसल्या, दार लावून घेतलं आणि समोर पाहू लागल्या. समोर कंपाउंडची भिंत होती. शिंगाड्यांनी वारा यावा म्हणून गाडी सुरू करून दिली आणि बाजूला उभे राहिले. आम्ही चहा खालीच नेला, पोहे खालीच नेले. आक्का खिडकीतून बशी घेत होत्या, मुलं किती, सुना कशा, सगळं विचारत होत्या. मला म्हणाल्या, “बाई, तुमच्या हितली हवा चांगली हाय.” गाडी तसूभर हलली नव्हती. तासाभराने त्या बशी परत देत म्हणाल्या, “झालं. आता एसटीवर सोड मला. गल्लीला सांगते, बसून आले.”

शिंगाडे गाडीच्या मागे गेले. आक्कांनी आणलेलं पोतं वर न्यायचं सोडून त्यांनी ते डिक्कीत ठेवायला घेतलं. बहुतेक काहीतरी करायचं म्हणून. पोतं सरळ बसेना. त्यांनी हत्यारांची पेटी बाहेर काढली, खालची फळी उचलली, आणि स्टेपनीवर हात पडला. जास्तीच्या त्या पाचव्या चाकाला त्यांनी सवयीने दाबून पाहिलं. मऊ लागलं. डोक्यात कितीही काहूर असो, मऊ टायर बघून पुढे जाणं त्यांच्या हातांना शक्य नव्हतं. त्यांनी तिथेच पायपंप जोडला आणि हवा भरायला लागले.

मी आक्कांच्या खिडकीशी उभी होते.

“सुख्या,” आक्का म्हणाल्या, “हितला आकडा हालतोय रे.”

मी वाकून पाहिलं. डावा मागचा, चोवीस. पंचवीस. डाव्या मागच्या टायरला कोणी हातही लावलेला नव्हता. मी शिंगाड्यांना हाक मारली तसे ते थांबले. आकडा थांबला. त्यांनी पाय मारला. सव्वीस. आजोबा धावत येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे मोठ्याने आकडे सांगू लागले. मागून पंपाचा फसफस आवाज, पुढून आजोबा, आणि मधे आक्का दोघांना दमात घेत होत्या की सावकाश, पोहे सांडतील. बत्तीसला दिवा गेला.

पंप थांबला. शिंगाड्यांनी डिक्कीत डोकं घालून त्या टायरवर पुन्हा एकदा तळहात दाबून पाहिला. बाहेर आले तेव्हा पार घामाघूम झाले होते.

झालं होतं ते असं. लोक चार टायर फिरवतात. शिंगाडे पाच फिरवत. स्टेपनी नुसती पडून राहते आणि बाकीचे चार राबतात, हे त्यांना कसं चालणार? पहिल्याच एक तारखेला त्यांनी डावा मागचा टायर डिक्कीत टाकला आणि स्टेपनी त्याच्या जागी लावली. पाचही चाकं दिसायला सारखी, पण स्टेपनीत सेन्सर नसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरा सेन्सर डिक्कीत झोपला होता, त्याच्या टायरची हवा व्हॉल्व्हमधून हळूहळू जात होती, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे रोज तक्रार करत होता. गाडीला वाटत होतं तो अजून जुन्याच जागी आहे. आणि डिक्कीत टाकताना शिंगाड्यांनी तो टायर स्वतः तपासला होता. पास झालेला माल परत तपासायचा नाही, हाही कारखान्याचाच नियम.

हमीदभाई बातमी ऐकून दुकान सोडून आले आणि फाटकाला धरून हसले. “साब, चोर डिक्की में सो रा था, और आप चौकी पे पूछ रे थे.” चौकीचं नाव निघताच तुमचे आजोबा वर निघून गेले.

“दिवा खरंच बोलत होता,” शिंगाडे मला म्हणाले. “म्या त्याची जागा बदलली अन् त्याला सांगितलं नाय.”

मंदाताईंनी तेवढ्यात दोन पिशव्या भरून आणल्या होत्या. आक्कांना एसटीने परत जाऊ द्यायचं नाही, आजच सोयगावला न्यायचं, अगदी दारात हॉर्न वाजवायचा, आणि मग उद्या त्याच गाडीतून चार दिवसांसाठी परत आणायचं, असं ठरलं. पोतं मात्र उतरवलं. ते ज्यांच्यासाठी आणलं होतं त्यांनीच ते परत सोयगावला का न्यायचं, असं आक्कांनी विचारलं.

निघताना शिंगाड्यांना आपला पहिला नियम आठवला. रंगात आले होते ते. “आक्का, सिल्लोडपर्यंत तू म्होरं बस. मग मंदा म्होरं, तू मागं. म्हणजे गादीची झीज…”

आक्कांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“तुझ्या पाळ्या बी मीच केल्या अन् माझ्या बी,” त्या म्हणाल्या. “मी हितंच बसणार. झिजली तर झिजू दे.”

सिल्लोडला काय झालं ते मंदाताईंनी नंतर सांगितलं. काहीच झालं नाही. गाडी थांबलीच नाही. सोयगावात हॉर्न मात्र इतका वाजला की आक्काच म्हणाल्या, बास कर आता, पोरं रडायला लागली.

दोन वर्षांपूर्वी शिंगाडे कायमचे सोयगावला राहायला गेले. आक्कांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि त्यांना इकडे आणलं तर त्या चार दिवसांच्या वर राहत नाहीत. जायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला होता आणि चार दिवसांसाठी आलेल्या आक्का नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर बसून होत्या. काहीतरी घ्यायला म्हणून त्या क्षणभर खाली उतरल्या. तेव्हा मी पाहिलं, घोंगडी त्यांच्या बसण्याच्या जागी झिजून पार पातळ झाली होती आणि खालची सीट दिसत होती. शिंगाड्यांनीही ते पाहिलं. त्यांनी घोंगडीचं टोक धरलं. मला वाटलं, आता ती फिरवून दुसरी बाजू वर करणार. त्यांनी तिच्यावरून हात फिरवून सुरकुती तेवढी मोडली, आणि ती होती तशीच राहू देऊन आक्कांसाठी दार धरून उभे राहिले.